ल्यूसिलचें मोल

सप्टेंबर २०१९ मध्यें अमेरिकेच्या कॅलिफोर्निया संस्थानांत एका काळ्या गिटारीचा लिलांव झाला. ती विजेच्या साहाय्यानें वाजणारी होती, गिब्सन नांवाच्या प्रसिद्ध कारखान्यांत तयार झालेली होती, आणि तिचें वय अवघें चौदा वर्षांचें होतें. तिला किंमत आली २,८०,००० डॉलर. चौदा वर्षांत लांकूड कांहीं दुर्मिळ होत नाहीं व पोलादाचें सोनें होत नाहीं. तेव्हां एवढें द्रव्य कशासाठीं मोजलें गेलें, असा प्रश्न कोणाच्याहि मनांत सहज उभा राहील. लिलांववाले म्हणतील, ही बी. बी. किंग यांची ल्यूसिल होय, यांतच सर्व आलें. आम्हांस मात्र यांत सर्व आलें असें वाटत नाहीं.

हा प्रश्न केवळ परदेशांतील धनिकांचा असता तर आम्हीं त्याकरितां या अंकाचीं पानें अडविलीं नसतीं. परंतु आमच्या विद्यार्थ्यांत गिटारीची आवड दिवसेंदिवस वाढत आहे, आणि तिच्याबरोबर एक नवा हट्टहि घरोघर शिरूं पाहत आहे. मोठमोठे कारखानदार नामांकित वादकाशीं करार करून त्याच्या नांवाची गिटार बाजारांत आणतात. तिच्यावर वादकाची सही, रंग त्याच्या आवडीचा, आणि किंमत पुष्कळदां तशाच साध्या गिटारीच्या कितीतरी पट. ‘मला हीच हवी’ असें चिरंजीव म्हणतात. वडील किंमत ऐकून गप्प बसतात. आई मध्यस्थी करते. अशा घरांत ल्यूसिलची हकीकत एकदां तरी वाचली जावी अशी आमची इच्छा आहे.

किंग यांचा जन्म १६ सप्टेंबर १९२५ रोजीं मिसिसिपी संस्थानांत, कापसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांत झाला. त्यांचें मूळचें नांव रायली. आई लहानपणींच वारली. कापूस वेंचणें आणि पुढें ट्रॅक्टर हांकणें हीच त्यांची शाळा झाली. गिटारीची पहिली ओळख मात्र त्यांस प्रार्थनामंदिरांत घडली. तेथील धर्मोपदेशक उपासनेच्या वेळीं गिटार वाजवीत. ती सिअर्स रोबक या टपालानें माल पाठविणाऱ्या पेढीची, अगदीं सामान्य प्रतीची होती. त्या गृहस्थांनीं या मुलास पहिले तीन स्वरमेळ शिकविले. पुढें बाराव्या वर्षाच्या सुमारास पंधरा डॉलरांची एक गिटार त्याच्या स्वतःच्या हातीं आली.

त्यांच्या आईच्या नात्यांतील बुका व्हाइट हे नांवाजलेले गिटारवादक होते. ते कठीण नळी तारेवर फिरवून स्वर लांबवीत, ओढीत, रडवीत. किंग यांस ती नळी कांहीं केल्या साधेना. तेव्हां त्यांनीं डाव्या हाताचें बोट तारेवर दाबून थरथरविण्याचा अभ्यास केला, आणि ज्या कंपित स्वरावरून जग पुढें त्यांस ओळखूं लागलें तो स्वर या न साधलेल्या विद्येंतून निघाला. ज्यांनीं सतारीवरील मींड ऐकली आहे त्यांस तार ओढून स्वर चढविण्याचें मर्म वेगळें सांगावयास नको. गातां गातां वाजविणें किंग यांस जमत नसे. एक ओळ कंठानें म्हणावी आणि मग गिटारीस बोलूं द्यावें, अशी त्यांची रीत. मेम्फिस शहराच्या एका नभोवाणी केंद्रावर ते गाऊं लागले तेव्हां त्यांस ‘ब्लूज बॉय’ हें नांव पडलें, आणि त्याचींच आद्याक्षरें जन्मभर त्यांचें नांव होऊन राहिलीं. ब्लूज म्हणजे अमेरिकेंतील कृष्णवर्णीय श्रमिकांचें, दुःखाशीं सलगी करणारें गायन, एवढें येथें पुरे.

आतां ल्यूसिल हें नांव कोठून आलें तें पाहूं. १९४९ सालच्या हिंवाळ्यांत आर्कन्सा संस्थानांतील ट्विस्ट नांवाच्या खेड्यांत एका नृत्यगृहांत किंग वाजवीत होते. थंडी असल्यामुळें मध्यभागीं एका पिंपांत रॉकेल घालून तें पेटविलें होतें. दोन पुरुषांत भांडण लागलें, धक्काबुक्की झाली, पिंप कलंडलें आणि जमिनीवर आगीचा लोंढा पसरला. सारे बाहेर पळाले, किंगहि पळाले. बाहेर आल्यावर त्यांस आठवलें कीं, गिटार आंतच राहिली. ती सुमारें तीस डॉलरांची होती. पण त्या काळीं त्यांचें पोट तिच्यावरच होतें. ते परत आगींत शिरले आणि ती घेऊन कसेबसे बाहेर पडले. त्या आगींत दोन माणसें मेलीं. दुसऱ्या दिवशीं कळलें कीं, भांडण ल्यूसिल नांवाच्या, तेथेंच काम करणाऱ्या एका स्त्रीवरून झालें होतें. किंग यांनीं तेंच नांव आपल्या गिटारीस ठेविलें. कां, तर असा मूर्खपणा आपल्या हातून पुन्हां होऊं नये याची आठवण राहावी म्हणून.

सुज्ञ वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. हें नांव लाडानें ठेविलेलें नाहीं. ती स्वतःस दिलेली ताकीद आहे. वाद्यासाठीं जीव धोक्यांत घालणें हा किंग यांच्या मतें पराक्रम नव्हता. आज याच नांवाभोंवतीं लाखों डॉलर जमा होतात, ही गोष्ट आम्हांस मोठी विलक्षण वाटते.

त्यानंतर किंग यांच्याजवळ अनेक गिटारी आल्या आणि गेल्या. जी हातांत असेल ती ल्यूसिल. नांव एकीकडून दुसरीकडे जाई, जशी घराण्यांत आजोबांच्या नांवाची ओळख नातवाकडे जाते. लांकूड बदललें म्हणून ल्यूसिल बदलली असें त्यांनीं कधीं मानलें नाहीं. त्यांनीं ल्यूसिली दिल्याहि. डिसेंबर १९९७ मध्यें व्हॅटिकन येथील नाताळाच्या संगीतसमारंभांत त्यांनीं एक ल्यूसिल पोप दुसरे जॉन पॉल यांस अर्पण केली.

सहीच्या गिटारीविरुद्ध आम्ही सरसकट बोलणार नाहीं, आणि त्याचें कारणहि ल्यूसिलच आहे. विजेच्या गिटारींत पोलादी तारांखालीं लोहचुंबक असतात व त्यांभोंवतीं तांब्याची केसासारखी बारीक तार हजारों वेढे देऊन गुंडाळलेली असते. वरची तार कांपली कीं त्या वेटोळ्यांत विजेचा क्षीण प्रवाह उत्पन्न होतो. पदार्थविज्ञानाच्या तासास ज्यांनीं फॅरडेचा नियम लक्ष देऊन ऐकला असेल त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. विस्तारक यंत्र त्या प्रवाहास बळ देतें आणि ध्वनिक्षेपक त्याचा पुन्हां नाद करतो. किंग यांस आवडणारी गिटार अंशतः पोकळ होती आणि तिच्या अंगावर व्हायोलिनसारखीं दोन वांकडीं छिद्रें होतीं. आवाज वाढविला कीं ध्वनिक्षेपकांतला नाद त्या पोकळ अंगावर येऊन आदळे. अंग हाले, तारा हालत, तोच नाद पुन्हां यंत्रांत शिरे, आणि पाहतां पाहतां एक कर्कश शीळ सारें सभागृह भरून टाकी. (स्नेहसंमेलनांत अध्यक्ष महाराज बोलावयास उठतांच आमचा ध्वनिवर्धक किंचाळतो, तो याच न्यायानें.) किंग यांनीं यावर उपाय काय केला? कोणी मोठा शोध लावला नाहीं. त्यांनीं त्या छिद्रांत कापड कोंबलें.

वर्षानुवर्षें त्यांनीं असें कापडावर भागविलें. पुढें १९८० साली गिब्सन कारखान्यानें त्यांच्या नांवाची ल्यूसिल बाजारांत आणली तेव्हां तिला छिद्रेंच ठेविलीं नाहींत. आमच्या मतें सहीच्या गिटारीचा खरा अर्थ हा आहे. रात्रीमागून रात्र वाजवून ज्या माणसास अडचण कळली त्याची युक्ति कारागिरानें लांकडांत उतरविली. मग तिच्यावर त्याचें नांव कोरलें तर तें शोभतें. अशी गिटार घेणारा केवळ सही विकत घेत नाहीं, एका अनुभवाचा लाभ घेतो. १९५६ या एकाच वर्षीं किंग यांनीं ३४२ ठिकाणीं वादन केलें. त्या अनुभवाचें वजन लहान नव्हे. परंतु ज्या गिटारींत वादकाचें नांव काढून घेतलें असतां उरतें तें इतर गिटारींसारखेंच असतें, तिची किंमत कोणत्या हिशेबानें वाढते, हें पालकांनीं दुकानदारास अवश्य विचारावें.

किंग यांस ऐंशी वर्षें पुरीं झालीं त्या २००५ सालीं गिब्सन कारखान्यानें ऐंशी खास ल्यूसिली घडविल्या आणि त्यांचा पहिला नमुना किंग यांस भेट दिला. हीच ती आरंभीं सांगितलेली काळी गिटार. किंग ती रंगमंचावर वाजवीत असत. २००९ सालीं ती चोरीस गेली. कांहीं काळानें लास वेगास शहरांतील एका गहाणवटीच्या दुकानांत एका गिटारप्रेमी गृहस्थास एक काळी ल्यूसिल दिसली. दुकानांतील इतर जुन्या वस्तूंच्या पंक्तींतच ती होती. त्यांनीं रीतसर पैसे मोजून ती घेतली. तिच्यावर पहिला नमुना असल्याची खूण होती. म्हणून त्यांनीं चौकशी केली, आणि ती खुद्द किंग यांची चोरीस गेलेली गिटार असल्याचें उघड झालें. त्यांनीं ती स्वतः नेऊन किंग यांच्या स्वाधीन केली. किंग यांनीं त्यांस दुसरी एक ल्यूसिल आपल्या सहीसह दिली.

या प्रसंगांत तीन किंमती एकाच वस्तूस लागलेल्या दिसतात. चोराच्या लेखीं ती गहाण टाकून मिळतील तेवढ्या पैशांची होती. दुकानदाराच्या लेखीं ती एक जुनी गिटार होती. घेणाऱ्या गृहस्थास मात्र ती कोणाची हें कळतांच ती आपली राहिली नाहीं. या तिसऱ्या किंमतीची बोली कोणत्याहि लिलांवांत लागत नाहीं. तरीहि एक गोष्ट प्रामाणिकपणें मान्य केली पाहिजे: तो गृहस्थ जुन्या गिटारींचा शोकीन नसता, खाणाखुणा पाहण्याची त्यास संवय नसती, तर ल्यूसिल ओळखूंच आली नसती. संग्रह करणाऱ्यांची थट्टा करणें सोपें असतें. पण वस्तूचा इतिहास बहुधा त्यांच्याचमुळें टिकतो.

संग्राहकांच्या बाजूनें आणखीहि बोलतां येईल. इंग्लंडचे प्रसिद्ध वादक एरिक क्लॅप्टन यांनीं १९७० सालीं अमेरिकेंतील नॅशव्हिल येथें फेंडर कंपनीच्या सहा जुन्या गिटारी घेतल्या, तीन मित्रांस वाटल्या आणि उरलेल्या तिन्हींचे उत्तम भाग जुळवून एक काळी गिटार तयार केली. ‘ब्लॅकी’ हें तिचें नांव. २००४ सालीं न्यूयॉर्क येथें तिला ९,५९,५०० डॉलर आले आणि ते व्यसनमुक्तीसाठीं क्लॅप्टन यांनींच अँटिग्वा बेटावर काढलेल्या केंद्रास मिळाले. डेव्हिड गिल्मर यांची काळी गिटार २०१९ च्या जूनमध्यें ३९,७५,००० डॉलरांस गेली, आणि तें द्रव्य पृथ्वीच्या हवामानरक्षणासाठीं न्यायालयांत झगडणाऱ्या एका संस्थेस देण्यांत आलें. मालकानें आपल्या हयातींत, आपल्या इच्छेनें वस्तु द्यावी आणि तिच्या किंमतींतून आजाऱ्यास औषध मिळावें, याला नांवें ठेवण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं.

परंतु ब्लॅकीची पुढची कथा ऐका. २००६ सालीं फेंडर कंपनीनें तिच्या २७५ हुबेहूब प्रतिकृति काढल्या. एकेकीची किंमत २४,००० डॉलर. हुबेहूब म्हणजे किती? मूळ गिटारीवर वर्षानुवर्षांच्या वापरानें जेथें रंग उडाला होता तेथें रंग उडविलेला, जेथें ओरखडा तेथें ओरखडा, जेथें विडीच्या निखाऱ्यानें लांकूड जळलें होतें तेथें जळलेला डाग. हें वाचून आम्हांस प्रथम हंसूं आलें आणि नंतर वाईट वाटलें. झिजलेली पायरी पाहून शेंकडों माणसें येथून गेलीं हें कळतें. नवी पायरी कानशीनें घांसून झिजविली तर तिच्यावरून कोण गेलें? छिद्रांवाचून केलेली ल्यूसिल आणि ओरखडे काढलेली ब्लॅकी, दोन्ही सहीच्याच गिटारी. पण एकींत वादकाची बुद्धि उतरली आहे, दुसरींत त्याच्या हाताच्या घामाचें सोंग आहे.

मग थोर वादकाची गिटार त्याच्या पश्चात् कोठें असावी? आमचें मत असें कीं, ती कोणाच्याहि मालकीची असो, ती अधूनमधून वाजली पाहिजे. इटलीचा व्हायोलिनवादक पागानिनी १८४० सालीं वारला. १७४३ सालीं घडलेलें आपलें आवडतें वाद्य त्यानें आपल्या जन्मगांवास, जेनोआ शहरास, ठेविलें. त्या नगरानें तें प्राणापलीकडे जपलें आहे. पण त्याच्या नांवें होणाऱ्या स्पर्धेंत जो तरुण पहिला येतो त्याच्या हातीं तें वाजविण्यास देण्याचीहि प्रथा ठेविली आहे. विजेच्या गिटारींतहि असें उदाहरण आहे. जेरी गार्सिया हे अमेरिकन वादक १९९५ सालीं वारले. त्यांनीं आपल्या खास गिटारी ज्या कारागिरानें घडविल्या होत्या त्यालाच परत देण्याचें मृत्युपत्रांत लिहून ठेविलें होतें. त्यावरून त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांशीं तंटा झाला, तो मिटून दोन गिटारी कारागिरास मिळाल्या, आणि त्यानें त्या २००२ सालीं विकल्या. त्यांपैकीं ‘वुल्फ’ नांवाची गिटार २०१७ सालीं पुन्हां विकली गेली, तीहि सत्कार्यासाठीं. २०१९ सालीं ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत कांचेआड ठेविली होती; त्याच उन्हाळ्यांत त्याच शहरांत जॉन मेयर यांनीं ती हजारों श्रोत्यांपुढें वाजविली. कांचेआडून मंचावर आणि मंचावरून पुन्हां कांचेआड: हा मार्ग आम्हांस पसंत आहे.

आपल्याकडे तर ही समज जुनीच आहे. खंडेनवमीस कारागीर हत्यारें मांडून त्यांस फुलें वाहतो, त्या दिवशीं तीं कामास लावीत नाहीं. पण दसरा उलटला कीं करवत पुन्हां लांकडावर चालूं लागते. पूजा केली म्हणून करवत देव्हाऱ्यांत कायमची कोणी ठेवीत नाहीं. तंबोरा वर्षभर गवसणींत राहिला तर गवयाच्या घरीं तें भूषण मानीत नाहींत.

किंग १४ मे २०१५ रोजीं वारले. मिसिसिपीमध्यें इंडियानोला गांवीं, ज्या विटांच्या इमारतींत कापसाचें जिनिंग चाले आणि जेथें तरुणपणीं त्यांनीं मजुरी केली, तिच्याच आश्रयानें २००८ सालीं त्यांच्या नांवाचें संग्रहालय उघडलें होतें. त्याच आवारांत त्यांस पुरलें आहे. खानदेश-वऱ्हाडांतील आमच्या वाचकांस जिनिंगच्या धुळीची कल्पना आहे. त्या धुळींतून वर आलेल्या माणसाची गिटार पाहण्यास लोक दुरून येतात, हें योग्यच आहे. मात्र ज्या धर्मोपदेशकाच्या टपालानें आलेल्या गिटारीवर त्यांनीं पहिले तीन स्वरमेळ धरले, तिचें नांव लिलांवाच्या यादींत आमच्या वाचनांत आलें नाहीं. हिशेब करावयाचाच तर तिची बोली ल्यूसिलच्याहि वर जावी.

म्हणून पालकांस आमची सूचना एवढीच कीं, मुलानें गिटार मागितली तर नाहीं म्हणूं नये आणि पहिलीच सहीची घेऊं नये. मान सरळ आहे, तारा फार उंच नाहींत आणि खुंट्या सुरांत टिकतात, एवढें एखाद्या जाणत्याकडून पाहून साधी गिटार घ्यावी, आणि सहीच्या गिटारींत जें द्रव्य जादा गेलें असतें तें चांगल्या शिक्षकास द्यावें. दोन वर्षांनीं त्या मुलाची अडचण काय आहे हें त्याचें त्यालाच सांगतां येईल. मग कोणाच्या नांवाची गिटार त्या अडचणीवर उपयोगी पडेल हेंहि त्यासच ठरवूं द्यावें. मुंबई आणि कोंकण येथील दमट हवेंत पोलादी तारा लवकर गंजतात, तेव्हां त्या बदलण्यासाठीं वर्षाकांठीं थोडे पैसे बाजूस ठेवावे लागतील, हें मात्र आधींच धरून चालावें.